माफी मागितली की झालं? ख्रिस्ती 'पश्चात्तापा'बद्दल थोडं

बारवकाठ | रविवार, रात्री १०.१५

सर्वांना सलाम. (आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत हाच रामराम, दुसरा अर्थ काढू नये.)

परवा ऑफिसात डबे उघडले असताना विषय निघाला. शेजारी बसणारा मित्र सहज म्हणाला, "तुमच्यात बरं असतं राव. फादरला जाऊन सांगायचं, माफी मागायची, पाटी कोरी. सोमवारी परत सुरू." चिडवायचं म्हणून नाही, त्याला खरंच तसं वाटतं. मी प्रोटेस्टंट, आमच्यात फादर नाहीत, पाळक असतात, आणि त्यांच्या कानात पापं सांगायची पद्धतही नाही. पण हे सगळं समजावत बसलो असतो तर भाजी गार झाली असती. "संध्याकाळी सांगतो" म्हणालो, त्याला तीन दिवस झाले. म्हणून हा धागा. त्यालाही लिंक पाठवणार आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात (बायबलमधलं येशूचं एक चरित्र) बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू, दोघांच्याही उपदेशाची सुरुवात एकाच वाक्याने होते: "पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे." शब्बाथ शाळेत हे वाक्य आमच्याकडून इतकं घोकून घेतलंय की त्यातला 'पश्चात्ताप' कधी कानाला टोचलाच नाही. पश्चात् अधिक ताप. मागाहून होणारी जळजळ. म्हणजे आधी चूक, मग काहिली. मराठी शब्द इथे थांबतो.

मूळ ग्रीक शब्द आहे 'मेटानोइया'. त्यात ताप नाही, मन बदलणं आहे. विचार करायची रीतच पालटणं. आणि त्याच्याही मागे जुन्या कराराची हिब्रू आहे. तिथले संदेष्टे सारखं एकच क्रियापद वापरतात, 'शूव'. त्याचा अर्थ अगदी साधा: वळणं, माघारी फिरणं. रस्ता चुकल्यावर माणूस फाट्यावर बसून रडत नाही, गाडी वळवतो. तेवढंच.

लॅटिनमध्ये हा शब्द गेला आणि घोळ वाढला. 'पेनिटेन्शियाम आगिते' या भाषांतराचा अर्थ 'पश्चात्ताप करा' असाही होतो आणि 'प्रायश्चित्त घ्या' असाही. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला आणि लोकांना मूळ शब्द समोर दिसायला लागला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १५१७ ला, मार्टिन ल्यूथरने (आमचा प्रोटेस्टंट पंथ त्याच्यापासून सुरू झाला) जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच मुद्दा हा आहे की येशू 'पश्चात्ताप करा' म्हणाला तेव्हा विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचं होतं. पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्यावरचा सगळा वाद त्यानंतर येतो.

आता उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाकडून वाटा घेऊन तो उधळून बसलेल्या मुलाची गोष्ट बघा (लूक १५). सगळ्यांना माहीत असते, ख्रिस्ती नसलेल्यांनाही. त्यात तो मुलगा रडल्याचा उल्लेख कुठेच नाही! तो उपाशी आहे, डुकरं खातात त्या शेंगांवर त्याचा डोळा आहे. मग तो 'शुद्धीवर येतो', बापापुढे काय बोलायचं ते वाक्य जुळवतो आणि उठून चालायला लागतो. कारणही फार उदात्त नाही, बापाच्या गड्यांना पोटभर मिळतं आणि आपण इथे मरतोय, हा हिशेब. तरी बाप लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. पाठ केलेलं शेवटचं वाक्य तर बोलूच देत नाही.

माझं म्हणणं इतकंच की आमच्या मंडळ्यांमध्ये (माझ्यासकट) पश्चात्ताप म्हणजे डोळ्यात पाणी, असं समीकरण झालंय. पाणी येवो न येवो, माणूस वळला का हा प्रश्न आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

शिळोप्याचा गडी | रविवार, रात्री १०.३१

जागा धरून ठेवतो. शेंगदाणे भाजायला टाकलेत.

---

तर्कट | रविवार, रात्री ११.०२

लेख चांगला, पण मित्राच्या प्रश्नाला बगल दिलीत. रडला की वळला हा तुमचा घरातला वाद झाला. बाहेरच्याला दिसतं ते हे: गुन्हा माणसाशी, माफी देवाकडे. ज्याचं वाटोळं झालं तो या चित्रात कुठे आहे?

तुमच्याच दावीद राजाचं उदाहरण घ्या. दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढच्या फळीत ठेवून मारवलं. मग स्तोत्र लिहिलं, ५१ वं. त्यात काय म्हणतो? तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले आहे. केवळ देवाविरुद्ध! उरीया कुठे गेला? काव्य उत्तम आहे, मी स्वतः वाचलंय. पण उरीयाच्या भावाने ते वाचलं असतं तर त्याला काय वाटलं असतं?

---

निर्मळची लेक | सोमवार, सकाळी ७.४८

बारवकाठ, तुमच्या मित्राने ज्या 'फादर'ची चेष्टा केली ते आमचे, तेव्हा उत्तर मी देते. वसईची आहे, कॅथलिक.

पहिली गोष्ट, पाटी कोरी करून मिळत नाही. प्रायश्चित्त संस्कारात आमच्याकडून तीन गोष्टी लागतात: मनापासून पश्चात्ताप, तोंडाने पापनिवेदन आणि भरपाई. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने हे नीट लिहून ठेवलंय, नवीन काही नाही. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर ती जमेल तितकी धुऊन काढायची. परत करायची तयारीच नसेल तर फादरांनी पापमुक्तीचे शब्द कशासाठी म्हणायचे? 'तीन नमो मरिया म्हण आणि जा' हे सिनेमात.

दुसरी गोष्ट. माझी आई दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवाराच्या आधी जायची. मी लहानपणी बाकावर बसून बघायचे. लाकडी पेटी, बाजूला जाळी, गुडघ्याखालची फळी मधोमध खोलगट झालेली. किती गुडघे टेकले असतील त्यावर. माझी पाळी आली की पोटात गोळा. बाहेर आल्यावर हलकं वाटायचं हे खरं, पण जायच्या आधीच्या रात्री आठवत बसायला लागायचं ते जास्त महत्त्वाचं होतं असं आता वाटतं. आठवडाभर मी कुणाशी कशी वागले याचा हिशेब आठ वर्षांच्या पोरीकडून दुसरं कोण मागतं?

आणि वर्षातून एकदा तरी जायचंच, हा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मसभेपासूनचा. फादरांनी ऐकलेलं बाहेर फोडलं तर ते थेट बहिष्कृत होतात, त्यांना कोर्टातही सांगता येत नाही.

राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) कपाळावर राख लावताना दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. दुसरं, पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांची असते. ज्या हातात घेऊन होसान्ना म्हटलं त्याच जाळायच्या. मला हे दरवर्षी नव्याने लागतं.

---

गोंयकार | सोमवार, सकाळी ९.१०

आमच्याकडे पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात. आजीचा दम: "आदीं कुमसार, मागीर जेवण." इतकंच सांगायला आलो :)

---

इंद्रायणीकाठ | सोमवार, दुपारी १.२५

वारकरी घरातला आहे, बाहेरून दोन शब्द.

आपल्या संतांकडे 'अनुताप' हा शब्द आहे आणि तो पश्चात्तापापेक्षा मला जवळचा वाटतो. कीर्तनात ऐकलेलं असं की अनुतापाशिवाय नाम नुसतं जिभेवर राहतं. उलट 'प्रायश्चित्त' हा धर्मशास्त्राचा शब्द, तिथे कोष्टकच असतं: या दोषाला इतके उपास, त्याला इतकं दान. संतांनी ते कोष्टक बाजूला सारलं. ल्यूथरची हकीगत वाचताना हेच आठवलं. दोन्ही एकच आहेत असं म्हणायचं नाही, उगाच 'सगळे धर्म सारखेच' हा धागा होऊ नये.

एक शंका. ख्रिस्ती विचारात वळायची ताकद माणसाची की देवाची? आमच्यातही हा प्रश्न आहेच.

---

बारवकाठ | सोमवार, रात्री ९.४०

@निर्मळची लेक, त्या खोलगट फळीसाठी धन्यवाद. माझ्या मित्राला आता तुमचाच प्रतिसाद आधी वाचायला सांगतो.

@इंद्रायणीकाठ, यावर पाचशे वर्षं भांडण चालू आहे. माझ्यापुरतं उत्तर लूकच्या त्याच अध्यायात आहे. उधळ्या पुत्राच्या आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट येते. मेंढरू वळत नाही, मेंढपाळ शोधत जातो आणि खांद्यावर घालून आणतो. मुलगा मात्र स्वतः उठून येतो. लूकने दोन्ही शेजारी ठेवल्यात आणि निवाडा केलेला नाही. मीही करत नाही.

@तर्कट, दाविदाचा मुद्दा बरोबर पकडलात, तो मलाही लहानपणापासून खटकतो. पण गोष्ट पूर्ण बघा. दाविदाला आपण काही केलंय याची शुद्धच नव्हती. नाथान संदेष्टा येतो आणि सरळ आरोप न करता एक हकीगत सांगतो: एका श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, लेकीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची कोकरी कापली. दावीद भडकून म्हणतो, त्याने चौपट भरून द्यावं! मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस.

चौपट हा आकडा लक्षात ठेवा. निर्गमच्या (बायबलचं दुसरं पुस्तक) कायद्यात चोरलेल्या मेंढराला चार मेंढरं, बैलाला पाच बैल. गणना या पुस्तकात, स्वतःहून कबूल केलं तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. आता यरीहोचा जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, ठेंगणा, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायाने घेतलंय त्याला चौपट परत करतो. त्याने रडून दाखवलं नाही. तो कबुलीजबाबही आकड्यात देतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं.

आणि उरीयाचं म्हणाल तर त्याला बायबल विसरत नाही. मत्तयच्या पहिल्याच पानावर येशूची वंशावळ आहे. त्यात त्या बाईचं, बथशेबेचं, नाव घेतलेलंच नाही. 'उरीयाच्या बायकोपासून' दाविदाला शलमोन झाला असं लिहिलंय. इतकी शतकं उलटली, दाविदाला क्षमा झाली, स्तोत्र अजरामर झालं, तरी मत्तयने मेलेल्या माणसाचं नाव तिथे बरोबर ठेवलं. मला तरी यात उरीयाच्या भावासाठी काहीतरी दिसतं.

---

इंद्रायणीकाठ | सोमवार, रात्री १०.०५

मराठीत गंमत बघा. 'परतणे' आणि 'परत करणे'. माघारी येणं आणि घेतलेलं देऊन टाकणं, दोन्हीकडे 'परत'च. तुमच्या त्या हिब्रू शब्दाला पश्चात्तापापेक्षा हा जास्त शोभला असता.

---

बारवकाठ | सोमवार, रात्री १०.०९

हे मला आजवर सुचलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

---

तर्कट | सोमवार, रात्री ११.३०

मग येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदाचं काय? त्यानेही चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली. 'निर्दोष रक्ताचा घात केला' अशी कबुलीही दिली. कबुली आली, परतफेड आली, जळजळ तर इतकी की जीव दिला. आणि येशूच्या पट्टशिष्याने, पेत्राने, काय परत केलं? तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, बाहेर जाऊन रडला, आणि त्याला पहिला मान. तुमच्या 'रडणं नको, परतफेड हवी' या सिद्धांताला दोघांनी मिळून सुरुंग लावलाय.

---

शिळोप्याचा गडी | सोमवार, रात्री ११.३३

आता आली मजा. शेंगदाणे संपले.

---

दौंडकर | मंगळवार, सकाळी ८.२०

तर्कटरावांशी या मुद्द्यावर सहमत. रडण्याला इतकं हिणवू नका. केडगाव आमच्या तालुक्यात. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन (धर्मजागृतीची लाट) झालं त्यात शेकडो मुली, विधवा मोठमोठ्याने रडत, आपापली पापं बोलून दाखवत प्रार्थना करत होत्या. दुष्काळातून, घरातून हाकललेल्या पोरी त्या. बाहेरून बघणाऱ्यांनी नाकं मुरडली. पण ज्या बाईला आयुष्यात कुणी 'तुला काय वाटतं' असं विचारलंच नव्हतं तिला स्वतःचं पाप स्वतःच्या तोंडाने सांगता येणं, म्हणजे आपल्यालाही काही निर्णय घेता येतो, आपणही कुणीतरी आहोत, हे कळणं नाही का? आमच्या पणजी तिथे वाढल्या. घरात त्यांच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यात रडणं दोन वाक्यांत संपतं, पुढे सगळं त्यांनी उपसलेल्या कामाचं.

---

जुनी_दप्तरं | मंगळवार, दुपारी ३.१५

धागा चांगला चाललाय, इतिहासातली दोन माणसं टाकतो.

एक, सम्राट थिओडोसियस. इ. स. ३९० मध्ये थेस्सलोनिकात दंगल झाली, त्याचा एक सेनाधिकारी मारला गेला. सूड म्हणून सैन्याने शहरात हजारो लोक कापले. मिलानचा बिशप अम्ब्रोझ याने सम्राटाला पत्र लिहिलं: तू हजर असशील तर मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. (चर्चच्या दारात अडवलं वगैरे नाट्य नंतरच्यांनी रंगवलेलं. पत्र मात्र शिल्लक आहे.) आणि सम्राट वाकला. राजवस्त्रं उतरवून चारचौघांत पश्चात्ताप करणाऱ्यांच्यात उभा राहिला. त्या काळात मोठ्या पापासाठी जाहीर प्रायश्चित्त असायचं आणि ते आयुष्यात एकदाच मिळायचं. खाजगीत, पुन्हा पुन्हा, कानात सांगायची रीत नंतरची, आयर्लंडच्या मठवाल्यांनी रुजवलेली.

दोन, जॉन न्यूटन, 'अमेझिंग ग्रेस'चा कवी. याची गोष्ट चर्चमध्ये सांगतात ती अशी: गुलामांचा व्यापारी, वादळात सापडला, देवाचा धावा केला, पालटला. वादळ १७४८ चं, खरं आहे. पुढचं सांगत नाहीत. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! १७५४ पर्यंत ते काम केलं, सोडलं तेही तब्येतीमुळे. वर बायबल वाचन, खाली तळघरात साखळ्या. गुलामगिरीविरुद्ध त्याने उघड लिहिलं ते १७८८ मध्ये. वादळानंतर ४० वर्षांनी. तोवर तो कधीचाच पाद्री झाला होता. त्या लिखाणात त्याने स्वतःचा कबुलीजबाब फार उशिरा येतोय हेही मान्य केलं. ब्रिटनने १८०७ साली व्यापार बंद केला, त्याच वर्षाअखेर न्यूटन गेला.

तेव्हा 'वळला' हे कुठल्या तारखेला मोजायचं? १७४८ ला की १७८८ ला? आणि मधल्या काळात त्याच्या जहाजातून गेलेल्यांनी कुठली तारीख मोजायची?

---

निर्मळची लेक | मंगळवार, सायंकाळी ६.५०

अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं, असं तुमचे ल्यूथरबाबा म्हणाले ते न्यूटनला चपखल बसतं. (कॅथलिक बाई ल्यूथरला दाद देतेय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

यहूदाबद्दल. तो पैसे घेऊन गेला कुणाकडे? याजकांकडे, ज्यांनी ते दिले होते. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. म्हणजे माणूस वळायला निघाला आणि धर्माच्या ठेकेदारांनी तोंडावर दार लावलं. मला यहूदापेक्षा त्यांची भीती वाटते. ज्याचा घात केला त्याच्याकडे यहूदा गेलाच नाही.

पेत्र गेला. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय बघा. सरोवराकाठी सकाळी येशूने कोळशांचा विस्तव केलेला आहे, त्यावर मासळी. 'कोळशांचा विस्तव' हा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: एक इथे, आणि दुसरा मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने ओळख नाकारली. तोच वास. आणि प्रश्न तीनदा, 'तू माझ्यावर प्रीती करतोस का?' तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुखावतो. तो मेजवानीतला मान नव्हता, तर्कटराव. जखम उघडून धुतली.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं, मासळी भाजल्याचा वास कपड्यांत किती दिवस राहतो ते आम्हाला विचारा.

---

तर्कट | मंगळवार, सायंकाळी ७.३०

कोळशाचं माहीत नव्हतं. हे छान आहे. सुरुंग अर्धा मागे घेतो.

---

आडवाट | मंगळवार, रात्री ११.५५

इथे नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहिते आहे. आयडीही आजच काढला.

माझे मिस्टर बारा वर्षं पीत होते. मारायचे. पगार कुठे जायचा ते कळायचं नाही, माझे दागिने गेले, आईने दिलेले. तीन वर्षांपूर्वी एका संजीवन सभेत ते पुढे गेले, गुडघ्यावर पडून रडले. माईकवर साक्ष दिली. काय काय केलं ते सगळं सांगितलं, माझ्यासमोर, तीनशे लोकांसमोर. लोक हालेलूया म्हणत होते, टाळ्या वाजवत होते. मला कुणी विचारलं नव्हतं की तुमच्या घरातलं हे इथे सांगितलेलं चालेल का.

त्या दिवसापासून ते प्यायले नाहीत, हे खरं सांगते. पण मी अजून मोकळी होत नाही तर मंडळीतल्या बायका मलाच समजावतात, "देवाने त्याला क्षमा केली, तू कोण न करणारी? आता पाप तुझ्याकडे आलं." मी आता मागच्या बाकावर बसते.

तुमची चर्चा वाचून विचारावंसं वाटलं. त्यांचा पश्चात्ताप झाला, पण त्यात माझं काय झालं?

---

आनंदी_आनंद | बुधवार, सकाळी ६.४०

ताई, झालं गेलं विसरा, क्षमा करून टाका, मन हलकं होईल. सकारात्मक राहा.

---

तर्कट | बुधवार, सकाळी ८.०५

@आनंदी_आनंद, त्यांना नेमकं हेच तीन वर्षं ऐकवलं गेलंय. पुन्हा नको.

@आडवाट, मी देव मानत नाही, तेव्हा माझं मत बाजूला ठेवा. पण तुम्ही कुणाचंही काही देणं लागत नाही.

---

निर्मळची लेक | बुधवार, सकाळी ८.४०

आडवाट, त्यांनी जे केलं त्यातली कबुली झाली. भरपाई राहिलीय. ती तुमच्याकडून नाही, त्यांच्याकडून यायची आहे. 'पाप तुझ्याकडे आलं' हे कुठल्याच धर्मसभेने शिकवलेलं नाही, आमच्याही आणि त्यांच्याही. विपूमध्ये (विचारपूस, म्हणजे निरोप) लिहा कधी वाटलं तर.

---

बारवकाठ | बुधवार, रात्री १०.२०

आडवाट ताई, दिवसभर तुमचा प्रतिसाद डोक्यात होता. उपदेश करायची माझी लायकी नाही. वचनात काय आहे तेवढं सांगतो आणि एक घरची गोष्ट.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. उठून जायचं काम कुणाला सांगितलंय? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. तक्रार असलेल्याला 'घाई कर' असं त्या ओळीत कुठेही नाही. तुमच्या मंडळीने क्रम उलटा केला. अर्पण घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि समेटाला तुम्हाला पाठवलं.

आता गोष्ट. आजोबांचं नेवाशाकडे एका खेड्यात दाण्याचं दुकान होतं. किलो यायच्या आधीची गोष्ट, शेर-पायलीचा काळ. ते चर्चचे पंच, रविवारी वचन वाचायचे. दुकानात शेराची दोन मापं. द्यायच्या मापाचा तळ आतून ठोकून वर घेतलेला, मूठभर जोंधळे कमी मावायचे. सुगीत उसनवार परत घ्यायची तेव्हा दुसरं माप निघायचं, ते सरळ. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की घरात लहानमोठी मापं ठेवू नकोस, आणि ते हेच पुस्तक मंडळीत वाचून दाखवत होते.

कशाने पालटले ते कुणालाच माहीत नाही. सभा नाही, वादळ नाही. आजी सांगायची, एका रात्री कंदील घेऊन दुकानात गेले आणि सकाळपर्यंत वहीत नावं लिहीत बसले. मग महिनाभर संध्याकाळी पाठीवर पोतं घेऊन घरोघर. "मापात मारलं होतं, हे घ्या." काही लोक हसले. काहींनी शिव्या घातल्या आणि दाणे घेतले. एकाने गावकीत ओढलं, तिथेही त्यांनी कबूल केलं. पंचपद त्यांनी स्वतःच सोडलं, पुढे मंडळीने परत देऊ केलं तरी घेतलं नाही.

एका म्हातारीने मात्र पोतं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणाली, "आता देऊन काय करू? तेव्हा लेकरं उपाशी निजली." आजोबा काही बोलले नाहीत. पोतं परत आणलं. पुढच्या सुगीला पुन्हा घेऊन गेले, तिने पुन्हा नको म्हटलं. तिच्या मरेपर्यंत दर सुगीला जायचे आणि दर सुगीला परत यायचे. आजी वैतागायची, लोक हसतात म्हणायची. ते म्हणायचे, "तिनं घ्यावं असं कुठंय? मी न्यावं एवढंच हाय."

'तू क्षमा केलीच पाहिजे' असं त्या बाईला म्हणायला गावातलं कुणी गेलं नाही. निदान आजोबांनी कुणाला पाठवलं नाही.

---

जुनी_दप्तरं | बुधवार, रात्री १०.४८

न्यूटनपेक्षा तुमचे आजोबा लवकर उरकले.

---

आडवाट | गुरुवार, दुपारी २.१०

सगळ्यांचे आभार. सकाळी हे वाचलं, मग डबे केले, मग पुन्हा वाचलं.

मिस्टरांना 'परत'वाला प्रतिसाद आणि आजोबांची गोष्ट मोबाईलवर वाचायला दिली. काही बोलले नाहीत. जाताना विचारलं, "तुझ्या आईच्या पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या?" मी सांगितलं. पुढे काय ते माहीत नाही, मी सध्या मागच्याच बाकावर बसणार आहे.

त्या म्हातारीचं नाव काय होतं?

---

बारवकाठ | गुरुवार, रात्री ९.०५

वहीत आहे. पहिलंच. तिच्या घरचे गावात आहेत म्हणून इथे लिहीत नाही, तुम्हाला विपू करतो.

---

शिळोप्याचा गडी | गुरुवार, रात्री ९.१२

शेंगदाण्यांबद्दल माफी असावी, धागा असा जाईल असं वाटलं नव्हतं.

एक विचारू? ते माप अजून आहे का घरी?

---

बारवकाठ | गुरुवार, रात्री ९.३०

आहे की. आई त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. तळ अजून तसाच वर आलेला आहे, त्यामुळे चार-पाच कायम खाली पडलेले असतात.

---